वीटभट्टीच्या फाट्याची रुंदी

तिचं 'काठी' हे नाव पाडलं थोरल्या भावाने. एक तर ती लहानपणापासून उंच आणि सडपातळ, त्यात शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात पासापुरतेच गुण मिळाले. "काठावर पास," असं भावाने दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं. मग काठावरची, काठावरची म्हणता म्हणता नुसतं 'काठी' उरलं. पुढे तिला समुद्रकिनारे मोजणाऱ्या खात्यात नोकरी लागली तेव्हा तर आपल्याला भविष्य दिसतं अशी भावाची खात्रीच झाली. "मी तेव्हाच म्हणालो होतो, ही काठावरच पोट भरणार," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

गणिताचं तिला वावडं असलं तरी हात सुरेख होता. एका दमात, कुठेही न थरथरता रेघ ओढायची ती. खात्याला असाच हात हवा होता.

खात्याचं कार्यालय बंदरावरच्या जुन्या गोदामाच्या माडीवर होतं. खाली दोरखंडांचे ढीग आणि तेलाची पिंपं, वर लांबच लांब टेबलं आणि त्यांवर पसरलेले नकाशे. खिडक्या उघडल्या की नकाशे उडायचे आणि बंद केल्या की माणसं उकडून निघायची, म्हणून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांवर काचेची जड वजनं ठेवलेली असत. काठीला हे सगळं मनापासून आवडायचं. आवडायचा नाही तो फक्त समुद्र. होडीत पाऊल ठेवलं की पोटात ढवळायचं, आणि ओल्या वाळूत पाय भरले की घरी जाऊन ती बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवत बसायची. पण किनारा मोजणाऱ्याला समुद्र आवडलाच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलं नव्हतं. कर्कटकाची दोन टोकं ठरलेल्या अंतराइतकी उघडायची आणि नकाशावरच्या किनाऱ्याच्या रेघेवरून ती एकाआड एक टाकत चालायचं, एवढंच तर काम. तिच्या हातात ते कर्कटक असं तुरुतुरु चालायचं की शेजारच्या टेबलावरचे लोक आपलं काम टाकून बघत बसायचे.

लग्नही तिचं याच माडीवर जमलं. कार्यालयातला पाण्याचा कूलर बिघडला म्हणून खाडीपलीकडून एक माणूस आला. फ्रिज, कूलर, बर्फाची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि स्वभावही धंद्याला साजेसा थंड. तो कूलर नीट करून गेला. पुढच्या आठवड्यात कूलर पुन्हा बिघडला. मग पुन्हा. शेवटी तेव्हाच्या साहेबांनी कूलर उघडून बघितला तर आतली एक वायर कोणीतरी मुद्दाम सैल करून ठेवलेली. साहेब म्हणाले, "अहो, ही वायर जर तुम्हीच सोडत असाल, तर आमच्या या बाईंच्या घरी जाऊन सरळ विचारा ना. आम्हाला पाणी तरी गार मिळेल." तो तिच्या घरी गेला आणि त्याने विचारलं.

अडचण एकच होती, आणि ती त्याची नव्हती, गावाची होती. खाडीच्या मुखाशी दोन गावं समोरासमोर बसलेली. मधे पाणी एवढंच की इकडे कोणी कपडे वाळत घातले तर तिकडून रंग सांगता यावा. दोन्ही गावं एकमेकांना 'पलीकडचे' म्हणत, आणि ते अशा स्वरात की ऐकणाऱ्याला वाटावं कुठल्या साथीच्या रोगाची गोष्ट चालली आहे. यांनी धक्का बांधला की त्यांनी अधिक लांब बांधायचा. त्यांनी शाळेला मजला चढवला की यांच्या शाळेवर निदान टाकी तरी चढलीच पाहिजे. अशा स्थितीत काठी माहेरच्या काठावरून उठून पलीकडे नांदायला गेली आणि रोज सकाळी बोटीने नोकरीसाठी इकडे येऊ लागली. सगळ्या प्रवासात ती नजर बोटीच्या तळावर खिळवून बसायची.

तिची आई शिवणकाम करायची. बाजारात तिचं छोटं दुकान होतं, गावातल्या शाळेचे सगळे गणवेश तिच्याच मशीनवर व्हायचे. मापाच्या बाबतीत तिचं धोरण उदार होतं. दोन बोटं जास्त ठेवावीत, पोरं वाढतात. उलट सासूबाई आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी त्यांच्यातली परिचारिका ड्यूटीवरच होती. औषध जेवढं सांगितलं तेवढंच, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. या दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायच्या की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "विहीणबाई, तुम्ही आधी." "छे छे, तुम्ही आधी." लग्नाला बारा वर्षं झाली तरी एकीने दुसरीच्या घरात पाठ टेकून बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. काठी दोघींनाही 'आई' म्हणायची. एकीला 'तू', एकीला 'तुम्ही', एवढाच काय तो फरक. घरात चारचौघांत तेवढा पुरायचा.

तर झालं असं की, खात्याने किनाऱ्यांची लांबी नव्याने मोजायची ठरवली. जुने आकडे कोण्या काळी एका कारकुनाने लहानशा नकाशावर जाड दोरा ठेवून काढलेले होते. आता नकाशे मोठे होते, त्यांत एकेक खडक आणि एकेक वळण दिसत होतं. काठीने कर्कटक बारीक उघडून मोजायला घेतलं, आणि दोन्ही गावांचा किनारा जवळपास दुप्पट भरला. दोन्ही गावांत आनंदीआनंद झाला, कारण वाढला तो आपलाच, असं दोघांनाही वाटलं.

"एवढा कसा गं वाढला?" आईने मशीन थांबवून विचारलं.

"वाढला नाही आई, होता तेवढाच आहे. आधी दोरा वळणांवरून सरळ जायचा, आता मी प्रत्येक वळणात शिरते."

आईने हातातल्या फ्रॉकची झालर वर धरली. "म्हणजे हिच्यासारखं. वरून मापलं तर वीतभर, चुण्या सोडवून मापलं तर दोन हात."

"तसंच."

"मग खरं माप कुठलं?"

"कशासाठी मोजायचं आहे त्यावर आहे."

आईला हे पटलं, कारण तिच्या धंद्यात हे रोजचंच होतं. पण गावांना कसं पटावं? त्यांना एकच गोष्ट कळत होती. नव्या रस्त्यावर खातं एक मोठा फलक लावणार होतं, 'सर्वांत लांब किनाऱ्याचं गाव', आणि तो रस्ता खाडीला मोठा वळसा घालून दोन्ही गावांच्या वेशीवरून जात होता. काठीचे सासरे गावच्या समितीचे चिटणीस. त्यांनी तर फलकासाठी खड्डाही खणून ठेवला होता.

आकडे बघितले तर दोन्ही गावं अगदी खांद्याला खांदा लावून उभी. सगळं येऊन अडलं ते खाडीवर. नियम असा होता की भरतीचं पाणी खाडीत जिथवर चढतं तिथवरचा काठही किनाऱ्यात धरायचा. पण खाडीला जे लहान लहान फाटे फुटतात, त्यांतला जो तोंडाशी तीस मीटरहून रुंद असेल त्याच्यातच शिरायचं. अरुंद असेल तर त्याच्या तोंडावरून सरळ रेघ मारून पुढे जायचं. इकडच्या काठाला असा फाटाच नव्हता. पलीकडच्या, म्हणजे तिच्या सासरच्या काठाला एक होता, जुन्या वीटभट्टीजवळ. नकाशावर त्याचं तोंड बरोबर तीस मीटर दिसत होतं. रेघेची जाडी इकडे धरली तर जास्त, तिकडे धरली तर कमी. फाटा धरला तर सासर पुढे, सोडला तर माहेर.

"जागेवर जाऊन, भरती पूर्ण भरलेली असताना मोजून या," साहेब म्हणाले. "आणि तुम्हीच जा. तुम्ही दोन्हीकडच्या, म्हणजे कोणी शंका घेणार नाही."

हे साहेब नवे, नुकतेच दूरच्या शहरातून बदलून आलेले होते. त्यांना या दोन गावांची कल्पना नव्हती.

त्या आठवड्यात दोन्ही घरांनी काठीला आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. सासरी सासऱ्यांनी तिला स्वतः पाणी आणून दिलं, जे त्यांनी आजवर घरात कोणालाच दिलं नव्हतं. माहेरी भावाने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "काठी, रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं असतं." नवऱ्याला तिने विचारलं, "तुला काय वाटतं?" तो फ्रिजच्या मागे डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "मला वाटतं, तू टोपी घेऊन जा. ऊन असेल."

ठरलेल्या सकाळी ती धक्क्यावर पोहोचली तर टेप धरणारा मदतनीस गायब. त्याची दाढ सुजली होती, तोंड उघडत नव्हतं, असा निरोप होता. आणि धक्क्यावरच्या बाकावर एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला सासूबाई.

"आई, तू इथे कशी?"

"डॉक्टरने सकाळची हवा खायला सांगितली आहे," आई म्हणाली. तिच्या हातात छत्री होती.

"आणि आई, तुम्ही?"

"मीसुद्धा हवेसाठीच आले," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर खाण्यापिण्याची भलीथोरली पिशवी होती. "हवा काही कोणाच्या एकटीच्या मालकीची नाही."

काठीने एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा दोघींकडे बघितलं. भरती कोणासाठी थांबत नाही, आणि टेपला दोन टोकं असतात. तिने कपाळावर हात मारला आणि दोघींना होडीत घेतलं. हा निर्णय चुकला हे तिला होडी सुटल्यावर लगेच कळलं, पण तोवर तिच्या पोटात ढवळायला लागलं होतं आणि बोलायची सोय उरली नव्हती.

होडीवाले काका मोजकं बोलणारे होते. त्यांनी वीटभट्टीच्या फाट्याशी होडी नेली. पाणी काठोकाठ भरलं होतं, गवताची टोकं तेवढी वर दिसत होती. काठीने आधी एका काठावर, मग दुसऱ्या काठावर, पाण्याच्या कडेला स्वतःच्या हाताने एकेक खुंटी ठोकली. आईला अलीकडच्या खुंटीशी उतरवलं, सासूबाईंना पलीकडच्या. टेपचं टोक आईच्या खुंटीला अडकवलं, गुंडाळी सासूबाईंच्या हातात दिली, आणि टेप मधे पाण्यात बुडू नये म्हणून आपण होडी फाट्याच्या मध्यावर घेऊन हाताने ती वर उचलून धरली.

आता टेपचा एक स्वभाव असतो. ताणून धरली तर माप कमी येतं, सैल सोडली तर जास्त येतं. हे शिवणकाम करणारीला सांगावं लागत नाही, आणि जखमेवर पट्टी बांधून हात दुखलेल्या परिचारिकेलाही सांगावं लागत नाही. आईने खुंटीजवळून टेप घट्ट खेचली. सासूबाईंनी तिकडून सोडली. आईने आणखी खेचली.

"आई, इतकी नको ओढूस," काठी म्हणाली.

"मी कुठे ओढते? त्या सोडताहेत."

"मी सोडत नाही," तिकडून आवाज आला. "टेपवर अत्याचार करू नये, एवढंच माझं म्हणणं."

त्यात वारा सुटला. काठीने सासूबाईंकडे तोंड करून हाक दिली, "आई, ओढा." वाऱ्यात शेवटचा 'आ' उडून गेला, आणि आईला ऐकू आलं, "आई, ओढ." दोघींनी एकदम ओढली. काठी घाबरून ओरडली, "आई, सोड." आता सासूबाईंना वाटलं, सूनबाई 'सोडा' म्हणते आहे. दोघींनी एकदम सोडली. टेप पाण्यात. बारा वर्षं जो फरक घरात पुरला होता, तो तीस मीटरवर पुरेना. शेवटी ती हातवारे करू लागली, तर होडी डोलायला लागली आणि तिला बसावं लागलं. आईला काय वाटलं कोण जाणे, तिने दोन्ही पाय रोवून टेपला असा हिसका दिला की सासूबाईंच्या हातातली गुंडाळी त्यांच्याकडच्या खुंटीला अडकली आणि खुंटी मुळासकट उपटून पाण्यात पडली.

जिथे खुंटी होती ते भोक चिखलाने क्षणात बुजवून टाकलं.

"कुठे होती ती?" काठीने विचारलं.

"इथे," सासूबाईंनी मागे गवतात बोट दाखवलं.

"तिथे नव्हती, पुढे होती," आई म्हणाली.

मग खुंटी कुठे होती यावर जी चर्चा सुरू झाली, ती बराच वेळ चालली. काका मधे एकदा म्हणाले, "मॅडम, पाणी उतरतंय." मग पुन्हा म्हणाले. त्यांनी पुढे काही म्हणायचं बंद केलं तेव्हा काठीच्या लक्षात आलं की होडी डोलायची थांबली आहे. पोटात ढवळत नव्हतं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि मग तिने खाली बघितलं. होडी गाळावर बसली होती. दोन्ही बाजूंना काळाभोर, चकचकीत चिखल. एका काठावर आई, एका काठावर सासूबाई, मधोमध ती.

"आता कधी निघेल?" तिने विचारलं.

"भरती आली की. संध्याकाळी," काका म्हणाले. त्यांनी टोपी तोंडावर ओढली आणि होडीच्या टोकाला आडवे झाले.

ऊन वर चढलं. छत्री आईकडे होती आणि खाणं सासूबाईंकडे, आणि दोघींच्या सौजन्याला तर सीमा नव्हती.

"विहीणबाई, छत्री तुम्हाला हवी होती," आई ओरडून म्हणाली.

"असू द्या हो, तुम्ही बसा सावलीत. तुम्हाला भूक लागली असेल."

"मला काही भूक नाही. तुम्ही खाऊन घ्या."

"तुम्ही खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ?"

हे असं बराच वेळ चाललं. काठी दोघींच्या मधे बसून मान इकडून तिकडे वळवत राहिली. शेवटी तिने टेप पुन्हा ताणायला लावली, सासूबाईंना त्यावर खाण्याचा डबा अडकवायला सांगितला, आणि होडीपर्यंत खेचून घेतला. डबा आईकडे जायला निघाला तेवढ्यात सासूबाईंचा आवाज बदलला.

"विहीणबाई, तुम्ही बोलत का नाही?"

आई छत्री मिटून खाली बसली होती. एक हात जमिनीवर टेकलेला. "काही नाही. जरा गरगरलं," ती म्हणाली, पण तिचा आवाज होडीपर्यंतसुद्धा नीट पोहोचला नाही.

"सकाळी गोळी घेतली का?" सासूबाईंनी परिचारिकेच्या सवयीने विचारलं.

"कसली गोळी?" काठीने विचारलं. तिला कुठल्याच गोळीची माहिती नव्हती.

सासूबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी चपला हातात घेतल्या, कपडे गुडघ्यांच्या वर खोचले, पिशवी गळ्यात अडकवली आणि सरळ चिखलात उतरल्या. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेल्या.

"आई, थांबा, तुम्ही रुताल," काठी म्हणाली.

"रुतले तर काढशील. तू उतर खाली, तुझी आई आहे ती."

काका जागे झाले होते. त्यांनी एक शब्द न बोलता होडीच्या तळाच्या फळ्या उचकटल्या आणि चिखलावर पुढे पुढे टाकू लागले. ओल्या वाळूचीही किळस येणारी काठी फळी संपल्यावर थेट मांडीपर्यंत गाळात शिरली, आणि आपण कशात उभ्या आहोत हे तिच्या डोक्यातही आलं नाही. सासूबाई होडीपर्यंत पोहोचल्या, त्यांनी तिचा हात धरला, आणि दोघी एकमेकींना ओढत आईच्या काठाला लागल्या. सासूबाईंची एक चप्पल गाळाने कायमची ठेवून घेतली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाईंनी तिला गवतावर आडवं केलं, पायांखाली पिशवी सरकवली, रुमाल ओला करून कपाळावर ठेवला आणि मनगट बोटांत धरून बसल्या. त्यांच्या कोपरांपर्यंत चिखल होता, पण बोटं स्थिर होती.

"मला काही झालेलं नाही हो विहीणबाई," आई पुटपुटली. "उगाच तुम्हाला त्रास."

"गप बस गं," सासूबाई म्हणाल्या.

काठीने वर बघितलं. असं 'गं' त्या दोघींमध्ये कधी ऐकू आलेलं नव्हतं. आईलाही ते लागलं असावं, कारण ती खरंच गप्प बसली.

हळूहळू तिचा रंग परत आला. सासूबाईंनी तिला साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, दोन बिस्किटं खायला लावली आणि मग एकेक करून सगळं बाहेर काढलं. आईला दीड वर्षापासून बीपी होतं. गोळ्या घेतल्या की डोळ्यांवर झापड येते आणि मशीनवर टाके वाकडे पडतात, म्हणून तिने त्या परस्पर बंद केल्या होत्या. मुलाला सांगितलं तर तो दुकान बंद करायला लावेल, आणि मुलीला सांगितलं तर ती रोज बोटीत काळजी करत बसेल.

"मग मला सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

"तुम्हाला कसं सांगू? तुम्ही पलीकडच्या."

सासूबाई तिच्याकडे बघून हसू लागल्या. हसता हसता त्यांचा खांदा हलला आणि चिखलाचा गोळा आईच्या कपाळावर पडला. मग आईलाही हसू आलं. काठी मात्र रडत होती. दोघींनी तिला एकदमच सांगितलं की आता रडण्यासारखं काय आहे.

दुपार त्या तिघींनी एका छत्रीखाली काढली. डबा संपला. काकांनाही वाटा गेला, फळ्यांवरून. टाके वाकडे पडू नयेत म्हणून गोळी संध्याकाळी घ्यायची, डॉक्टरशी आपण बोलू, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. आईने त्यांच्या बाह्यांकडे बघून सांगितलं की ज्याने हे कपडे शिवले त्याला खांदा कळत नाही. फाट्याच्या रुंदीचा विषय कोणी काढला नाही. उन्हं उतरली, पाणी गवतात शिरू लागलं, आणि होडी आपोआप उचलली गेली.

परतताना काठीचं पोट पुन्हा ढवळलं. तिला ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

पंधरवड्याने ती पुन्हा गेली, या वेळी दाढ काढलेल्या मदतनिसाला घेऊन. दोन्ही आया आपापल्या काठावर, आपापल्या घरी होत्या. फाट्याचं तोंड तीस मीटरला हाताच्या पंजाएवढं कमी भरलं. तिने पुन्हा मोजलं, टेप दोन्ही टोकांना सारखी ताणून, आणि तेवढंच भरलं. फाटा गळाला. माहेर पुढे गेलं.

सासऱ्यांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बोलावून विचारलं, "तू तिथे होतीस ना? तुला काय दिसलं?"

"मला चिखल दिसला," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिने मोजलं तेवढंच ते असणार. ती माप चोरत नाही."

फलक माहेरच्या वेशीवर लागला. महिन्याभरात सासऱ्यांनी आपल्या खड्ड्यात तसाच फलक उभा केला, तोही 'सर्वांत लांब किनाऱ्याचं गाव', आणि त्याखाली, चालत्या गाडीतून वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, 'फाट्यांसह'. माहेरच्यांनी खात्याकडे तक्रार केली. साहेबांनी काठीला बोलावलं.

"हे खोटं आहे का?"

"नाही साहेब. फाट्यांसह म्हटलं आहे ना? फाट्यांसह तेच पुढे आहेत."

"मग इकडचा फलक खोटा?"

"तोही खरा आहे."

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं आणि तक्रार कपाटात ठेवून दिली. दोन्ही फलक आजही उभे आहेत. नव्या रस्त्यावरून जाणारे लोक एक वाचतात, पुढे जाऊन दुसरा वाचतात, आणि आपणच रस्ता चुकून परत आलो की काय म्हणून गाडी थांबवतात. त्यामुळे दोन्हीकडच्या चहावाल्यांचं बरं चाललं आहे.

काठीने पुढे पुष्कळ किनारे मोजले. बढती मिळाली, बेटांच्या मोजणीवर गेली, खडकांवरून चालून दोनदा घोटा मुरगळून घेतला. तिची मुलगी मोठी झाली, आणि तिला होडीत बसल्यावर काहीही होत नाही, याचं काठीला फार कौतुक.

आणि सासूबाई दर गुरुवारी सकाळच्या बोटीने खाडी ओलांडू लागल्या. एका हातात बीपीचं मशीन, दुसऱ्या हातात पिशवी. शिवणाच्या दुकानात त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठरलेली. आधी आईचं बीपी बघायचं, मग चहा, मग बाजारातल्या आणखी कोणाकोणाचं. सासऱ्यांना हे फारसं पसंत नव्हतं, पण त्यांचंही बीपी त्याच मशीनवर मोजलं जायचं, त्यामुळे त्यांना जपून बोलावं लागे.

एकदा गुरुवारी काठी दुपारच्या सुट्टीत दुकानात डोकावली. नवीनच राहायला आलेली एक बाई माप द्यायला उभी होती. आई गळ्यातली टेप काढून म्हणाली, "हात पुढे करा." त्याच वेळी खिडकीजवळून सासूबाईही म्हणाल्या, "हात पुढे करा." बाईने बिचारीने गोंधळून दोन्ही हात दोन दिशांना पसरले, आणि दोघी आपापल्या हाताला लागल्या.

"हे काय आहे?" बाईने विचारलं.

"हलू नका," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू गं, दंडाला दोन बोटं जास्त ठेवू नकोस, ती काही आता वाढणार नाही."

"तू तुझं बघ," आई म्हणाली.

काठीने दारातूनच चहा सांगितला, चौघींचा.